बाबांनी काढलेली पॉलिसी आणि उपनिषदातला हँडओव्हर



आजचं वाचन कौषीतकी उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या भागाचं आहे. ईश, केन, कठ यांच्यासारखं हे उपनिषद आपल्या वाचनात सहसा येत नाही. पण या भागात एक विधी आहे, आणि आपल्यापैकी ज्यांच्या आईवडिलांचं नुकतंच रिटायरमेंट झालंय किंवा होऊ घातलंय, त्यांनी तो एकदा तरी वाचावा.

विधी असा. वडिलांना वाटतं की आता आपली निघायची वेळ आली. ते मुलाला बोलावतात. घरात नवं गवत अंथरलेलं, अग्नी ठेवलेला, शेजारी पाण्याचं भांडं, आणि वडील नवं वस्त्र पांघरून पडलेले. मग वडील एकेक गोष्ट मुलाकडे सोपवतात. माझी वाणी तुझ्यात ठेवतो, असं म्हणतात. मुलगा उत्तर देतो की तुमची वाणी मी माझ्यात घेतो. मग प्राण, डोळे, कान, अन्नाची चव, कर्मं, सुखदुःख, असं करत करत सगळं. प्रत्येक वेळी दोन वाक्यं, एक देणाऱ्याचं आणि एक घेणाऱ्याचं. वडिलांना फार बोलवत नसेल तर त्यांनी थोडक्यात प्राण सोपवले तरी चालतं, अशी सोयही ठेवली आहे. उपनिषदात मुलगा आहे; आज वाचताना मुलगी धरायला काहीच हरकत नाही.

आयटीत काम करणाऱ्यांना हे वाचून ओळखीचं काहीतरी आठवेल. प्रोजेक्ट सोडून जाणारा माणूस केटी देतो, आणि चांगल्या टीममध्ये त्यानंतर रिव्हर्स केटी होते. म्हणजे ज्याने घेतलं त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं की मला काय समजलं. नुसता सगळा ॲक्सेस मिळाला म्हणजे सिस्टिम हातात आली असं होत नाही. उपनिषदातल्या त्या दुसऱ्या वाक्याचं काम तेच आहे.

आता आजचा प्रश्न. घरोघरी कपाटात एक फाईल असते. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये पॉलिसीचा बॉण्ड, त्यामागे रबर लावलेल्या पावत्या. आपण तीन-चार वर्षांचे असताना आईने किंवा बाबांनी आपल्या नावाने काढलेली विमा पॉलिसी. एके दिवशी ते म्हणतात, "आता ही तू सांभाळ." आपण घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं? पुढचे हप्ते भरत राहायचे? की हिशेब करून मोडून टाकायची? मोडली तर ती कृतघ्नता होते का? आणि नाही मोडली तर तो निव्वळ भाबडेपणा का?

हा पैशाचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. आपल्याला न विचारता आपल्यासाठी प्रेमाने केलेली गोष्ट आपल्या हातात आली, तर ती जशीच्या तशी ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे का?

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मुलाच्या आयुष्यावर पालकांनी काढलेल्या पॉलिसीची मालकी बहुतेक योजनांत १८ वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या पॉलिसीच्या वार्षिक तारखेला आपोआप मुलाकडे जाते. त्यासाठी कुणी बोलावं लागत नाही. गंमत म्हणजे तोपर्यंत त्या पॉलिसीवर नॉमिनी नेमता येत नाही, कारण १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नॉमिनेशन हे स्वतःच्या आयुष्यावरच्या, स्वतःच्या मालकीच्या पॉलिसीचंच करता येतं. म्हणजे मालकी आली की पहिला अधिकार जो मिळतो तो हा, की मी नसेन तेव्हा हे कुणाला मिळावं ते मी सांगायचं.

पण आपल्या घरांत काय होतं? मालकी अठराव्या वर्षी येते, आणि हप्ता बाबाच भरत राहतात. मुलगा इंजिनीअर होतो, पुण्याला नोकरीला लागतो, लग्न होतं, तरी मार्चमध्ये हप्ता बाबांच्या खात्यातून जातो. नंतर पेन्शनमधून जातो. कायद्याने हँडओव्हर झालेला असतो, पण ती दोन वाक्यं कुणीच उच्चारलेली नसतात.

आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण हा विचार तिथूनच सुरू झाला. बाबा सरकारी नोकरीत क्लार्क होते. १९९३ मध्ये त्यांनी माझ्या नावाने पॉलिसी घेतली. विमा रक्कम ५०,००० रुपये, वर्षाला दीड हजारांच्या आसपास हप्ता. तेव्हाच्या त्यांच्या पगाराच्या हिशेबात हा जवळजवळ अर्धा महिना. आज तेवढ्या पैशांत चौघांचं हॉटेलातलं एक जेवण होतं. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनंतरच्या ५०,००० रुपयांत तेवढंच येतं जेवढं सुरुवातीला साधारण ८,७०० रुपयांत आलं असतं. बोनस मिळून हातात येणारी रक्कम मोठी असते, हे खरं. तरीही एक्सेल शीट उघडून बसलं की आकडा फारसा उत्साह देत नाही.

मी बाबांना रिव्हर्स केटीसारखंच विचारलं. "बाबा, तुम्ही ही का घेतली होती?" त्यांचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "माझ्या नावावर ठेवलं असतं तर मोडलं असतं. तुझ्या नावावर होतं म्हणून हात लावला नाही."

आणि तसंच झालं होतं. आजीच्या ऑपरेशनच्या वेळी बाबांनी स्वतःची पॉलिसी मोडली होती. माझी ठेवली. म्हणजे त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या घरात शाळेत जाणाऱ्या मुलाचा विमा होता आणि ज्याच्या पगारावर घर चालत होतं त्या माणसाचा नव्हता. विमा ज्या कामासाठी असतो त्या कामाच्या बरोबर उलट. मी गेलो असतो तर बाबांना पैसे मिळाले असते, जे त्यांना कधीच नको होते. बाबा गेले असते तर आम्हाला काहीच मिळालं नसतं.

इथे दोन सोप्या वाटा दिसतात. एक म्हणते, "बघा, किती चुकीचा निर्णय. मोडून टाका." दुसरी म्हणते, "बघा, किती त्याग. आयुष्यभर जपा." मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, आणि त्यासाठी गीतेकडे जावं लागतं.

आपल्याकडे कित्येक घरांत विमा म्हणजे एलआयसी असंच समीकरण होतं आणि आहे. १९५६ मध्ये २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबरला ती स्थापन झाली. तिचं बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकाच्या शेवटच्या चरणातून आलंय, आणि मुंबईतल्या तिच्या मुख्यालयाच्या इमारतीचं नावही योगक्षेम आहे. जे मिळालेलं नाही ते मिळवून देणं म्हणजे योग, आणि जे मिळालंय त्याचं रक्षण करणं म्हणजे क्षेम. अनन्यभावाने चिंतन करणाऱ्यांचा हा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत तिथे सांगतात.

शब्द बघा: वाहतो. देतो असं म्हटलेलं नाही. यावर एक लोककथा सांगतात. एका पंडिताला हा शब्द खटकला. प्रत्यक्ष भगवंत कशाला ओझी वाहतील, देतात असं म्हणायचं असेल, म्हणून त्याने पोथीतला तो शब्द खोडून दुसरा लिहिला. त्या दिवशी तो घरी नसताना दोन मुलं डोक्यावर धान्याचं ओझं घेऊन त्याच्या दारात आली. त्याच्या बायकोने पाहिलं तर मुलांच्या अंगावर ओरखडे होते. पंडित घरी आला, त्याने हे ऐकलं, आणि कुठे ओरखडलं गेलंय ते त्याला समजलं. कथा ऐतिहासिक आहे की नाही हा मुद्दा नाही. देण्यात वस्तू हातातून सुटते. वाहण्यात अंगावर भार असतो, आणि तो रोज असतो.

बाबांनी मला ५०,००० रुपये दिले असं म्हटलं तर हिशेब एका ओळीत संपतो. पण त्यांनी तीसहून जास्त मार्च महिने काहीतरी वाहिलं. त्यातल्या काही वर्षी तो हप्ता भरण्यासाठी घरात दुसरं काहीतरी लांबणीवर पडलं असणार. म्हणून "ही तू सांभाळ" याचा अर्थ ते वाहणं आता तुझ्याकडे आलं, असा आहे. बॉण्ड म्हणजे त्या वाहण्याची पावती.

एकदा हे असं मांडलं की प्रश्न बदलतो. पॉलिसी ठेवायची की मोडायची हा दुसरा प्रश्न होतो. पहिला प्रश्न असा: बाबा ज्याचा क्षेम वाहत होते, तो आता कसा वाहायचा?

तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो असं सांगितलंय: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ऋषींचं ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने फिटतं, देवांचं यज्ञाने, आणि पितरांचं प्रजेने. पितृऋण हे पितरांना परत देऊन फिटत नाही, ते पुढच्या पिढीकडे वाहून फिटतं. ज्यांना मुलं नाहीत किंवा नको आहेत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं मी प्रजा या शब्दात माझ्या आधारावर उभं असलेलं प्रत्येक माणूस धरतो. त्यात म्हातारे होत चाललेले आईवडीलही येतात.

आयकराच्या कायद्यात नकळत हेच उमटलेलं दिसतं. कलम ८०सी खाली वर्षानुवर्षं मुलांच्या विम्याच्या हप्त्याची वजावट आईवडिलांना मिळत आली, मुलगा मोठा, कमावता झाला तरी. पण आईवडिलांच्या आयुष्याच्या विम्याचा हप्ता मुलाने भरला तर ती वजावट मिळत नाही. कायदा करणाऱ्यांनी उपनिषद वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण भार खालच्या पिढीकडे वाहतो हे त्यांनीही गृहीत धरलं.

मग या मापाने दोन्ही वाटा तपासू.

"जशीच्या तशी जपा" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. माझ्या एका मित्राच्या आईने त्याच्यासाठी अशीच पॉलिसी घेतली होती, हप्ता वर्षाला ४०,००० रुपये. आई गेली. आता त्याच्यावर घराचं कर्ज आहे, दोन मुलं लहान आहेत, बायकोने मुलांसाठी नोकरी सोडलीय. त्याच्याकडे टर्म इन्शुरन्स नाही, कारण "एक पॉलिसी आहे ना, आईची." त्या पॉलिसीची विमा रक्कम त्याच्या कर्जाच्या पाव हिश्श्याइतकीही नाही. आणि नॉमिनी म्हणून अजून आईचंच नाव आहे. नॉमिनी आधी गेली आणि नाव बदललं नाही, तर ते पैसे कायदेशीर वारसांना मिळतात, पण त्यासाठी कागदपत्रं आणि वेळ लागतो, आणि ती धावपळ नेमकी दुःखात बुडालेल्या माणसाला करावी लागते. मित्र आईची आठवण जपतोय यात शंका नाही. पण आईला ज्याची काळजी होती ते मात्र उघड्यावर आहे. नोकरी करणाऱ्याचा विमा नाही, ही आमच्या घरातली जुनी परिस्थिती तिथे पुन्हा उभी आहे, फक्त भक्तीच्या नावाखाली.

आता "मोडून टाका" असं म्हणणाऱ्यांसाठी. परताव्याचा हिशेब बरोबर असू शकतो. पण त्या हिशेबावरून बाबांच्या शहाणपणाचा निकाल लावणं बरोबर नाही. १९९३ मध्ये भारतात खासगी विमा कंपन्याच नव्हत्या. आयआरडीए कायदा १९९९ चा, आणि पहिले परवाने २००० चे. घरबसल्या ऑनलाइन टर्म प्लॅनची तुलना करणं हे तर त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. ओळखीतले एजंट काका घरी यायचे, चहा व्हायचा, सही व्हायची. आपण जुना कोड वाचताना हा कुणी लिहिला असं चिडून म्हणतो, तेव्हा त्या दिवशी कुठल्या लायब्ऱ्या उपलब्ध होत्या हे बघत नाही. तसंच हे.

बृहदारण्यक उपनिषदातही हा सोपवण्याचा विधी येतो, आणि तिथे एक जास्तीची गोष्ट सांगितलीय. वडिलांच्या हातून जे काही नीट झालं नाही किंवा राहून गेलं, त्यातून मुलगा त्यांना मोकळं करतो, आणि म्हणून त्याला पुत्र म्हणतात. मोकळं करणं म्हणजे काय, याचा मी बराच विचार केला. "बाबा, तुम्हाला चुकीचं विकलं" असं जेवणाच्या टेबलावर सिद्ध करणं म्हणजे मोकळं करणं नव्हे. राहून गेलेलं काम गाजावाजा न करता पूर्ण करणं, म्हणजे मोकळं करणं. बाबांच्या व्यवस्थेत कमावत्या माणसावर छत्र नव्हतं. ते छत्र आज माझ्या घरात असणं, हे त्यांचं राहिलेलं काम.

म्हणून माझं उत्तर असं: खऱ्या अर्थाने घेतलेली पॉलिसी मोडलेलीही असू शकते, आणि वर्षानुवर्षं ऑटोपेवर चालणारी पॉलिसी कधीच न घेतलेली असू शकते. घेणं याची खूण म्हणजे ज्याच्यासाठी ती होती त्याचा विचार आता मी करतोय की नाही.

आमच्या घरी काय झालं तेही सांगतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील. मी आधी स्वतःचा टर्म इन्शुरन्स घेतला. जुनी पॉलिसी ठेवली, कारण मुदत संपायला थोडीच वर्षं राहिली आहेत आणि हप्ता आता खुपत नाही. मित्राने कदाचित वेगळं ठरवावं: त्याचा हप्ता मोठा आहे आणि जबाबदारी त्याहून मोठी. दोघांचे निर्णय उलटे असले तरी धर्म एकच असू शकतो. नॉमिनेशनच्या फॉर्मवर मी बायकोचं आणि आईचं अशी दोन्ही नावं वाटे ठरवून लिहिली. एकाहून जास्त नॉमिनी चालतात. आईच्या जागी बायको असा तो प्रश्नच नसतो, हे कळल्यावर बऱ्याच घरांतला ताण कमी होईल.

आणि बाबांना सांगितलं. हे सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हप्ता आता माझ्या खात्यातून जातोय, घरावर इतक्या रकमेचं कव्हर आहे, कागद इथे आहेत, मला काही झालं तर हिने या नंबरवर फोन करायचा. बाबांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं झालं."

कौषीतकीतल्या विधीला आणखी एक अट आहे, ती वाचून मला हसूही आलं. एवढं सगळं सोपवून झाल्यावर वडील बरे झाले तर? उपनिषद म्हणतं, मग त्यांनी मुलाच्या सत्तेखाली राहावं, नाहीतर घर सोडून फिरस्ता व्हावं. म्हणजे देणाऱ्यानेही खरोखर सोडायचं असतं. आमचे बाबा बरे आहेत, घरातच आहेत, आणि मार्चमध्ये "हप्ता गेला का रे?" असा फोन येतोच. ते काही फिरस्ते होणार नाहीत. मी "गेला बाबा" म्हणतो. मला तरी हे त्या विधीतलं दुसरं वाक्यच वाटतं, दरवर्षी एकदा म्हणायचं.

शेवटी भक्ताचा एक प्रश्न उरतो. योगक्षेम भगवंत वाहतात ना, मग आपण विमा का घ्यायचा? तो अविश्वास नाही का? मला तसं वाटत नाही. भगवंताने आपलं ओझं वाहिलं ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी खांद्यावरूनच. त्या कथेतही धान्य आकाशातून पडलं नाही, दोन मुलांनी ते डोक्यावरून आणलं. माझ्या लहानपणी ते खांदे एका क्लार्कचे होते. आता पाळी आपली आहे. फळाची चिंता त्याच्यावर सोडायची, पण खांदा पुढे करायचा तो आपणच.

आजचा संकल्प, जमेल तेवढा:

१. ती फाईल उघडा. पॉलिसी कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, शेवटचा हप्ता कधी भरलाय, नॉमिनी कोण आहे, एवढंच आज बघा.

२. आईबाबांना विचारा, "ही का घेतली होती?" उत्तर पूर्ण ऐका. मध्ये परताव्याचा विषय काढू नका.

३. तुमच्या कमाईवर कोण अवलंबून आहे त्यांची नावं कागदावर लिहा. त्यांच्यासाठी पुरेसं छत्र आहे का ते बघा. नसेल तर ते आधी. नवी पॉलिसी मंजूर होऊन हातात आल्याशिवाय जुनी मोडू नका, आणि नव्या अर्जात जुन्या पॉलिसीची आणि तब्येतीची खरी माहिती द्या.

४. जे ठरवाल ते आईबाबांना स्वतः सांगा. ठेवणार असाल तरी, मोडणार असाल तरी. त्यांचं वाक्य त्यांनी कित्येक वर्षं हप्त्याने उच्चारलंय. आपलं अजून बाकी असेल तर आज म्हणून टाका.

उद्या भेटूच.